मागची सीट

ठाणे, २६ सप्टेंबर १९९९

ती. बाबांस व ती. सौ. आईस भावेशचा साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आधी मनात वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही मधेच चष्मा पुसायला थांबता आणि ती माझ्यावर चिडते.

बातमी अशी की दस्तूर शेठनी शर्यतीच्या गाडीचं खालचं सगळं काम माझ्याकडे दिलं. स्प्रिंगा, शॉकॲब, बुश, सगळं. चार वर्षं मी टायर बदलत होतो. डिसेंबरच्या अकरा-बारा तारखेला नाशिकजवळ रॅली आहे, निम्मी कच्च्या रस्त्याने. शेठ म्हणाले, "तू घाट का लडका है, खड्डा तू समझ."

गाडी एस्टीम आहे. इंजिन तगडं केलंय, पण खालचं अंग कंपनीचंच, त्यामुळे वळणावर कलते. बाहेरून दोन जोड स्प्रिंगा मागवल्यात. एक आखूड आणि कडक, दुसरा थोडा उंच आणि नरम. शॉकॲबच्या डोक्यावर फिरवायचं बटण आहे. फिरवलं की टक असा आवाज येतो. असे बारा टक. पूर्ण सोडलं की मऊ, बाराही टक आवळले की दगड. गॅरेजमधले सगळे म्हणतात, आखूड कडक जोड घाल. तुम्ही अठ्ठावीस वर्षं जव्हार डेपोत बसच्या स्प्रिंगांचे पाटे बसवताय. तुम्ही काय म्हणता?

आईला सांगा, नागलीचे पापड ढवळूकाकांच्या ठाणे एसटीने पाठव. इकडचे पापड म्हणजे कागद.

तुमचा,
भावेश


जव्हार, २ ऑक्टोबर १९९९

चि. भावेश यास अनेक आशीर्वाद.

ढवळूने पत्र दुपारी हातात दिलं. डेपोत उभ्यानेच वाचलं, मग घरी बसून वाचून दाखवलं. तुझी आई म्हणाली, "चार वर्षं चाकं फिरवली, आता चाकाच्या वर आला." संध्याकाळी दिवा लावताना देवाला तुझी बातमी सांगितली.

मला मोटारीच्या स्प्रिंगा ठाऊक नाहीत. पाटा ठाऊक आहे. त्यातलं लागेल ते घे. नवा फिटर आला की 'बस आदळते' म्हटल्यावर पाट्यात एक पोलादी पान वाढवतो. मग बस आणखी आदळते. कडक पाट्याने चाक रस्ता सोडतं, आणि हवेतलं चाक वळतही नाही, थांबतही नाही. चाकाने जमीन धरून राहावं म्हणून पाटा असतो. माझं मत उंच आणि नरम जोडाला.

दुसरं, रिकामी गाडी आदळते, भरलेली आदळत नाही. म्हणून पाटा माणसांच्या वजनावर बांधायचा. आम्ही सीटांवर रेतीची पोती ठेवून उंची मोजतो, हे तू लहान असताना पाहिलं आहेस. तुझ्या शेठच्या वजनाचं पोतं गाडीत ठेव, मगच मोज.

एक विचारायचं होतं. अशा गाडीत मागच्या सीटवर कुणी आडवं झालं, तर मोखाड्यापुढच्या रस्त्याला धक्का किती पोचेल? सहज विचारतो.

पापड या खेपेला नाहीत. आईची पाठ धरली आहे. यंदा भाताच्या आवणीत फार वाकली. काळजी करू नकोस.

तुझा बाबा,
तुळशीदास


ठाणे, १२ ऑक्टोबर १९९९

ती. बाबांस व आईस सा. नमस्कार.

बाबा, तुमचं ऐकलं नाही. सगळ्यांपुढे माझं कोण ऐकतंय म्हणून आधी कडक जोड घातला, दहा टक आवळला. डांबरी रस्त्यावर गाडी अशी चिकटून वळली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग येऊरच्या पायथ्याला खडीवर नेली. पहिल्याच खड्ड्याला मागची दोन्ही चाकं वर. शेठचं डोकं छताच्या पाइपाला लागलं. उतरले ते हेल्मेट हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी उंच जोड घातला. शेठच्या वजनाचं पोतं ठेवलं, शेजारी रस्ता सांगणाऱ्याचं ठेवलं, उंची मोजली. पुढे सहा टक, मागे चार. त्याच खडीवर गाडी पाण्यासारखी गेली. शेठ म्हणाले, "किसने बताया?" मी म्हटलं, बाबांनी. "तेरा बाप इंजिनियर है क्या?" म्हटलं, नाही, एसटीत पाटे बसवतात. शेठनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आणि मागच्या सीटचं विचारलंत. बाबा, या गाडीला मागची सीटच नाही! वजन कमी करायला सगळ्यात आधी तीच काढतात. तिथे लोखंडी पिंजरा आहे. ही शर्यतीची गाडी आहे, पाळणा नाही. आईला सांगा, बाबा म्हातारपणी मोटारीत झोपून फिरायचे बेत करतायत.

पाठीला तीळतेल गरम करून लावा.

भावेश


जव्हार, २४ ऑक्टोबर १९९९

चि. भावेश यास आशीर्वाद.

दसऱ्याला डेपोतल्या हत्यारांची पूजा झाली. तुझा जुना दहा-अकराचा पाना मी माझ्या पान्यांशेजारी ठेवला होता.

पाळण्याचं वाचून आई हसली. म्हणाली, "याला पाळण्यात घातला की भोंगा लावायचा. अंगणात झोळी बांधली की गप."

तुला एक हकीकत लिहितो. पाड्यावरची एक बाई आजारी आहे. तिला नाशिकला न्यायचं होतं. आपल्या मंगळूची जीप केली. तू ती जीप ओळखतोस, तिला स्प्रिंगा आहेत की पहारी, ते देवालाच माहीत. मी म्हटलं, रिकामी नेलीस तर आदळेल. मग आपल्याकडे करतात तसं केलं. तुका चढला, त्याची बायको रुपी चढली, चंदा चढली, पांड्या चढला, आणखी चौघं. कुणाचंही नाशिकला काम नव्हतं. जीप दबावी म्हणून बसले. पांड्या म्हणाला, "माझं वजन आज पहिल्यांदा कामाला आलं." अख्खा रस्ता ते बसून राहिले, नाशिकला दवाखान्याबाहेर शेंगदाणे खाल्ले आणि परत आले.

एवढं करूनही मोरचोंडीच्या ओढ्यावरच्या फरशीला बाईचा जीव गेला होता म्हणायचा. मीही बरोबर होतो.

तर अशा बाईसाठी गाडी बांधायची झाली तर तू कशी बांधशील? नीट विचार करून लिही.

तुझा बाबा


ठाणे, २ नोव्हेंबर १९९९

ती. बाबांस व आईस सा. नमस्कार.

दिवाळीला येणं जमत नाही. नऊ तारखेपर्यंत रोज गाडी पळवून बघायची आहे. आई, रागावू नकोस. रॅली झाली की आठ दिवस येतो, तू म्हणशील ते खातो.

बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. त्या बाईसाठी मी सगळं उलटं करीन. स्प्रिंग अजून नरम. शॉकॲब एकाच टकावर, पूर्ण सोडायचे नाहीत, नाहीतर गाडी होडीसारखी डुलत राहते आणि मळमळतं. आडवा रॉड सोडून द्यायचा, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी त्याचा हिसका दुसऱ्या बाजूला जात नाही. टायरात हवा कमी. आणि वीसच्या वर काटा न्यायचा नाही.

पण अशी गाडी रॅलीत नेली तर लोक टाळ्या वाजवून दमून घरी गेल्यावर पोचेल. तुमच्या त्या बाईला सांगा, ॲम्ब्युलन्स बोलव. माझ्याकडे सध्या एकच गिऱ्हाईक आहे आणि त्याला घाई आहे.

पत्राखाली आई नेहमी दोन ओळी लिहिते. गेल्या दोन्ही पत्रांत नव्हत्या. रुसली का?

भावेश


जव्हार, १२ नोव्हेंबर १९९९

चि. भावेश यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. पत्र वाचून दाखवलं. ॲम्ब्युलन्सचं ऐकून ती बाई खूप हसली, हसता हसता पाठ धरावी लागली. म्हणाली, "त्याला सांगा, ॲम्ब्युलन्सलाही खाली पाटेच असतात."

तू लिहिलेलं मी वहीत उतरवून ठेवलं आहे. एक टक, नरम स्प्रिंग, आडवा रॉड सोडायचा, वीसचा काटा.

आई रुसलेली नाही. तिला बसून लिहिता येत नाही, एवढंच. तब्येतीला जप.

तुझा बाबा


ठाणे, १६ नोव्हेंबर १९९९
(ढवळूकाकांच्या हाती)

बाबा,

पाड्यावरच्या बाईला माझं पत्र कोण वाचून दाखवतं? आज डेपोत फोन लावला. तुम्ही पंधरा दिवस रजेवर आहात म्हणाले.

ती बाई कोण?

भावेश


जव्हार, १७ नोव्हेंबर १९९९
(ढवळूच्या हाती. उत्तर डेपोच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.)

चि. भावेश,

ती बाई तुझी आई.

सप्टेंबरच्या शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यात गाठ आहे. ती जायची नाही. विजेचा शेक दिला तर दुखणं मात्र उतरतं. पाच वेळा द्यायचा आहे. एकदा दिला, तेव्हा चार दिवस ती उठून चुलीपाशी बसली होती. दुसऱ्यासाठी जीपमधून नेलं ते तुला लिहिलं. ते लिहिताना एक गाळलं. परत आणून उतरवली तेव्हा तिने खालचा ओठ चावून फोडला होता. आता ती म्हणते, "मला त्या रस्त्याने नेऊ नका. दुखून जाईन, पण आदळून नको." पुढची तारीख चोवीस आहे आणि ती उठायला तयार नाही.

तुला गाडीचं काम मिळाल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी तिने माझा हात धरून देव्हाऱ्यातल्या दिव्यावर नेला. पोराची शर्यत होईपर्यंत त्याला सांगायचं नाही. तो येईल आणि त्याचं काम दुसऱ्याला देतील. मी हो म्हटलं. त्या दिव्यापुढे मी रोज बसतो, तिथे दिलेला शब्द माझ्याने मोडवेना. म्हणून तिचं नाव न घेता तुला पत्रांतून विचारत राहिलो. तुला कळावं असंही वाटत होतं आणि कळू नये असंही. अशा पूजेला काय म्हणायचं ते मला आता समजत नाही.

तुझा राग मला कळेल. आधी उत्तर दे.

बाबा


ठाणे, २० नोव्हेंबर १९९९
(ढवळूकाकांच्या हाती)

ती. बाबांस,

तुम्ही दोनदा विचारलंत. मी दोनदा हसलो. बाकीचं नंतर.

शेठना तुमचं पत्र वाचून दाखवलं, हिंदी करून. त्यांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, "गाडी ले जा. रॅली को तीन हफ्ते हैं. माँ को तीन हफ्ते हैं क्या?"

बसने लगेच येणार होतो. पण येण्याजाण्यात दोन दिवस गेले असते आणि तेवढ्यात इथे काम होतं, म्हणून थांबलो. पिंजऱ्याचा मागचा आडवा पाइप नटांवर आहे, तो काढला. मागची सीट माळ्यावर पडली होती, ती धुऊन बसवली, वर कापसाची गादी शिवून घेतली. रॅलीच्या स्प्रिंगा उतरवल्या. कंपनीच्या स्प्रिंगांपेक्षाही नरम जोड एका जुन्या गाडीचा मिळाला. शॉकॲब एका टकावर. आडवा रॉड सोडला. आईचं वजन बावन्न धरलंय, तेवढं पोतं मागे आडवं ठेवून, तुमचं पोतं त्याच्या उशाशी ठेवून उंची बांधली. काल खडीवर नेली. सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला होता. थोडंसंच सांडलं. ते सांडणंही आज घालवतो.

मंगळवारी, तेवीसला, सकाळी पोचतो. आईला तयार करा. वजन बरोबर आहे ना ते कळवा.

भावेश


जव्हार, २१ नोव्हेंबर १९९९
(ढवळूच्या हाती)

चि. भावेश,

बावन्नचं पोतं काढ. दवाखान्याच्या काट्यावर तेहतीस भरली.

हे वाचून थांबू नकोस, काम कर. हलकं माणूस जास्त आदळतं, म्हणून डिकीत घालायला दोन पोती तांदूळ काढून ठेवले आहेत. जीपमध्ये माणसं बसवली, तुझ्या गाडीत तांदूळ बसवू.

काल रात्री तिला सांगितलं. शब्द मोडला म्हणून रागावली. आज सकाळी विचारलं, "त्या गाडीला मागची सीट नव्हती ना?" म्हटलं, त्याने तुझ्यासाठी बसवली. मग भिंतीकडे वळली. म्हणाली, "निळं लुगडं काढून ठेवा."

रोज दिव्यापुढे एवढंच मागतो आहे, हा एक रस्ता तिला न दुखता पार होवो. दुसरं काही मागत नाही.

बाबा


ठाणे, ९ जानेवारी २०००

ती. बाबांस सा. नमस्कार.

कामावर आलो. रॅली झाली, शेठ पाचवे आले. शेवटचं सगळं दुसऱ्यांनी बांधलं, पण स्प्रिंगा आपण निवडल्या त्याच होत्या. शेठनी चषक माझ्या कपाटावर ठेवलाय. मला तो तिथे बघवत नाही आणि काढवतही नाही.

दीड महिना आपण एका घरात होतो, पण तुम्ही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. आता विचारतो.

मोरचोंडीची फरशी आली तेव्हा मी पहिल्या गिअरवर आलो, एक एक चाक उतरवलं. मागून हुं की चूं नाही. मी आरशात बघितलं. तुम्ही म्हणालात, "झोपली आहे. हळू चालव." बाबा, मला इतका अभिमान वाटला. त्या फरशीला तिचा जीव गेल्यासारखा झाला होता आणि आज माझ्या गाडीत झोपली. अख्खा तोरंगणचा घाट मी एकही दगड चाकाखाली येऊ दिला नाही. तिची झोप मोडू नये म्हणून हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्र्यंबकला झाडाखाली थांबलो, पाण्याची बाटली घेऊन वळलो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

कधी गेली ती? माझा आवाज तिने शेवटचा कधी ऐकला? खरं सांगा. आता कुणाची आण नाही.

आणि ज्या दोन दिवसांत बसने आलो नाही, त्यांत ती बसून बोलत होती का?

भावेश


जव्हार, १६ जानेवारी २०००

चि. भावेश यास आशीर्वाद.

काल संक्रांत होती. यंदा आपल्याकडे तिळगूळ नाही. शेजारची रखमी वाटी घेऊन दारापर्यंत आली, मग तिच्या लक्षात आलं, तशीच उभी राहिली. मी म्हटलं, ये, बस. बसली आणि रडून गेली.

विचारलंस ते सगळं सांगतो.

हो, ती बोलत होती. तू येणार म्हणून रखमीकडून वेणी घालून घेतली. तेव्हा तू आला असतास तर तिने तुला कामावर परत पाठवलं असतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिला तू ओळखतोस.

गाडी जव्हारच्या बाहेर पडली तसे तिने डोळे उघडले. मला म्हणाली, "रस्ता नवा केलाय का ओ?" मी म्हटलं, नाही, रस्ता तोच आहे. तिचा विश्वास बसेना. दोनदा मान उचलून खिडकीबाहेर पाहिलं. मग तुझ्या पाठीकडे बघत राहिली. मोखाड्यात तू गाडीपाशी चहा आणलास, तिने दोन चमचे घेतला, आणि तू म्हणालास, "आई, आता अर्धं राहिलं." तो तुझा शेवटचा आवाज तिने ऐकला. ती म्हणाली, "याला म्हणावं, तू चहा घे." तू तोवर पुढे जाऊन बसला होतास, म्हणून तुला ऐकू गेलं नाही.

पुढे तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. तिचा हात माझ्या हातात होता. मोरचोंडीच्या आधी, फरशी यायच्या आधीच, तो हात हलका झाला. डबकं नव्हतं, दगड नव्हता, कुठलाही धक्का नव्हता. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. तेवढ्यात तू आरशात बघितलंस.

मी खोटं बोललो. दिव्यापुढे नव्हे, पण बोललो. तुला तेव्हा सांगितलं असतं तर पुढे घाट होता. आणि दुसरं असं, तू इतक्या जपून चालवत होतास की मला थांब म्हणवेना. असं कुणी कुणाला नेताना मी अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नाही. वाटलं, तिचं एवढं तरी पुरं होऊ दे. म्हणून त्र्यंबकपर्यंत मी तिच्या डोक्याखाली हात धरून बसलो, जणू अजूनही तिला धक्का लागेल.

देवावर मी रागावू शकत नाही. मी मागितलं होतं ते त्याने जसंच्या तसं दिलं. मागताना मी तेवढंच मागितलं. माझ्या तोंडून जास्त निघालं नाही, हे आता दिवा लावताना रोज आठवतं.

डिकीतले तांदूळ तेराव्याला शिजले, ते तुला ठाऊक आहे.

शेठना माझा नमस्कार सांग. मागची सीट परत माळ्यावर गेली असेल, ती तिथेच असू दे, पुढची गाडी त्यांच्या वजनावर बांध. आपलं काम झालं. चषक कपाटावर राहू दे.

मी सोमवारपासून कामावर जातो आहे. परवा मोखाड्याला एक बस बंद पडली होती, तिच्या पाट्यासाठी जायचं होतं. मंगळूची जीप निघालीच होती. तिच्यात दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "काका, पुढे बसा." मी मागे जाऊन बसलो.

फार आदळली रे.

तुझा बाबा,
तुळशीदास